दोनशेतले दहा : ग्वाटेमालातल्या एका सेमिनरीचं प्रकरण

आमच्या गुरुवारच्या वर्गात नवा गट आला की मी त्यांना हे प्रकरण सांगतो. चाळिशी-पन्नाशीतली माणसं दिवसभराची कामं उरकून देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या खोलीत येतात, वह्या उघडतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गुरुवारी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, खऱ्या सेमिनरीत शिकवतात तेच आहे ना हे? की आपलं काहीतरी?" या 'आपलं काहीतरी'मागे मोठा संकोच असतो. सेमिनरी म्हणजे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तयार करणारी शाळा. पाळकसाहेब तीन-चार वर्षं वसतिगृहात राहून शिकले, आणि आपण जेवणाआधीच्या दोन तासांत थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकणार, हे माणसाला पटत नाही. मध्य अमेरिकेतल्या एका लहानशा देशात साठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारला गेला होता. तिथं संकोच विद्यार्थ्यांना नव्हता, सेमिनरीला होता.

१९६२ च्या सुमारास ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीच्या (चर्चच्या) सेमिनरीनं आपल्या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला. तोवर दोनशेहून अधिक विद्यार्थी दाखल झाले होते. त्यांतले त्या मंडळीत पाळक म्हणून प्रत्यक्ष काम करत असलेले निघाले जेमतेम दहा. त्या वर्षी वसतिगृहात मुलं होती पाच-सहा. इमारत होती, ग्रंथालय होतं, प्राध्यापक होते, अमेरिकेतून येणारा पैसाही होता. कारखाना चालू होता, फक्त माल बाहेर पडत नव्हता.

असं का झालं हे कळायला तो देश थोडा डोळ्यांसमोर आणावा लागतो. वर मेक्सिको, खाली पॅसिफिक महासागर. मधल्या डोंगराळ पट्ट्यात माया लोकांची गावं. घरात बोली माम, किचे किंवा केकची, आणि कचेरीत स्पॅनिश. डोंगरावरून समुद्राकडे उतरू लागलं की कॉफीचे मळे लागतात, आणखी खाली ऊस आणि कापूस. डोंगरातली माणसं हंगामात मळ्यांवर कामाला उतरतात, हंगाम संपला की परत वर जातात. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या ज्यानं पाहिल्यात त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. या देशात प्रेस्बिटेरियन आले १८८२ साली, तेही राष्ट्राध्यक्ष हुस्तो रुफिनो बारियोस यांच्या बोलावण्यावरून. बारियोस यांना धर्मसुधारणेचं फार वेड होतं असं नाही, कॅथलिक चर्चचं वजन कमी करायचं होतं. पुढच्या ऐंशी वर्षांत मळ्यांच्या पट्ट्यात आणि डोंगरात लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. सेमिनरी मात्र राजधानीत, ग्वाटेमाला सिटीत.

आता गावातून सेमिनरीला कोण जाणार? ज्याच्यावर घर अवलंबून नाही तो. म्हणजे अठरा-वीस वर्षांचा, लग्न न झालेला, जरा शाळा शिकलेला मुलगा. तो राजधानीत जातो, तीन-चार वर्षं राहतो, नीट स्पॅनिश बोलायला शिकतो, बूट घालायला शिकतो, शहरात कारकुनाला किती पगार मिळतो तेही त्याला कळतं. मग त्याला सांगायचं, की परत जा, आणि जिथं पंचवीस-तीस कुटुंबांची मंडळी तुला महिन्याचं धान्यही धड पुरवू शकणार नाही तिथं पाळक हो. काही गेले. बहुतेक गेले नाहीत. गेलेल्यांतले बरेच थोड्या वर्षांनी दुसऱ्या धंद्याला लागले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, मीही तेच केलं असतं.

आणि गावात त्या वेळी मंडळी सांभाळत कोण होतं? एखादा पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी, एखादा छोटा दुकानदार, मळ्यावर मुकादमी करणारा कुणी. रविवारी उपदेश तोच करायचा, आजाऱ्याच्या खाटेशी तोच बसायचा, मयताला तोच पुढे असायचा, भांडण तोच मिटवायचा. पण त्याला दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून अधिकृत मान्यता, नव्हती. दीक्षेसाठी सेमिनरी हवी, सेमिनरीसाठी घरदार सोडायला हवं, आणि घरदार सोडलं की ज्या कामासाठी शिकायचं तेच सुटणार. मंडळीला पाळक नव्हता असं म्हणणं खरं तर चूक होतं. पाळक होता, सेमिनरीच्या दारातून तो आत येऊ शकत नव्हता, एवढंच.

हे ज्यांना आधी दिसलं त्यांत दोन अमेरिकन मिशनरी होते, जेम्स एमरी आणि राल्फ विंटर. विंटर यांची वाट जरा वेगळी होती. कॅलिफोर्नियात इंजिनिअरिंग, मग कॉर्नेल विद्यापीठात भाषाशास्त्रात डॉक्टरेट, आणि १९५६ पासून दहा वर्षं माम लोकांत काम. थिऑलॉजीच्या प्रश्नाकडे ते इंजिनिअरच्या नजरेनं पाहत, हे त्यांच्या लिखाणात जागोजाग जाणवतं. पाणी चढत नसेल तर पंपाला शिव्या देऊन काय होणार, टाकी कुठं बांधलीय ते आधी पाहा, अशी ती नजर. थोड्याच काळात आणखी एक मिशनरी, रॉस किन्स्लर, त्यांना येऊन मिळाले, आणि विंटर तिथून गेल्यावर पुढची कितीतरी वर्षं प्रयोगाचा भार किन्स्लर यांनी वाहिला.

पहिलं पाऊल अगदी साधं होतं : सेमिनरी राजधानीतून उचलली आणि रेतालुलेऊ प्रांतात सान फेलिपेला, कॉफीच्या पट्ट्यातल्या लहान गावात नेली. मंडळ्या जिथं दाट होत्या तिथं.

इथं मला आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यात, बिबवेवाडीला आली. ग्वाटेमालातली सेमिनरी शहरातून गावाकडे गेली, आपली गावाकडून शहराकडे. दोन्हींची कारणं निरनिराळी होती. ज्या संस्थेत देशभरातून विद्यार्थी येतात तिला पुणं सोयीचं, हे उघड आहे. पण दोन बाण नकाशावर काढून पाहिले की प्रश्न पडतो : सेमिनरी कुणाच्या सोयीनं बसवायची? जो येऊ शकतो त्याच्या, की जो येऊ शकत नाही त्याच्या?

तर सेमिनरी सान फेलिपेला आली. आणि तरीही माणसं आली नाहीत. या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे, कारण इथं बहुतेकांनी हात टेकले असते. शाळा दारात आणली तरी यांना शिकायचंच नाही, असं म्हणून मोकळे झाले असते. एमरी आणि विंटर यांनी निष्कर्ष काढला तो असा, की अडचण मैलांची नाही, अडचण तासांची आहे. दहा मैलांवर राहणारा माणूससुद्धा चार दिवस रान सोडून येऊ शकत नाही. सेमिनरी गावात आणून भागणार नाही, ती माणसाच्या आठवड्यात बसली पाहिजे.

म्हणून १९६३ पासून दुसरं पाऊल : केंद्रं. ठिकठिकाणच्या देवळांत आठवड्यातून एकदा दोन-तीन तास वर्ग भरायचा. विद्यार्थ्यांनी सेमिनरीकडे जाण्याऐवजी प्राध्यापकांनी गाडी काढायची, एका केंद्राहून दुसऱ्या केंद्राला जायचं. बाकीचा अभ्यास घरी, रोज थोडा थोडा. अधूनमधून सगळ्या केंद्रांची सान फेलिपेला गाठभेट. वसतिगृहाची मुख्य अट गेली. परीक्षा गेली नाही, हिब्रू संदेष्टे गेले नाहीत, चर्चचा इतिहास गेला नाही.

मग तिसरी अडचण उभी राहिली, आणि ती कुणाच्या ध्यानात आधी आलीच नव्हती. पाठ्यपुस्तकं. जी पुस्तकं होती ती वर्गात प्राध्यापक समजावून सांगणार हे गृहीत धरून लिहिलेली. कंदिलाच्या उजेडात एकट्यानं वाचणाऱ्या माणसाला ती उघडेनात. तेव्हा त्या काळी अमेरिकेत गाजत असलेली एक पद्धत त्यांनी उचलली : क्रमबद्ध स्वाध्याय. मजकुराचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यानंतर प्रश्न, रिकामी जागा, आणि उत्तर कडेला. उत्तर झाकून लिहायचं, मग उघडून ताडून पाहायचं. आमच्या वहीतला एक तुकडा नमुन्यादाखल देतो, म्हणजे कळेल :

"परमेश्वरानं बोलावलं तेव्हा यिर्मया संदेष्ट्यानं पहिली सबब कोणती सांगितली? (यिर्मया १ : ६ वाचा.) त्यानं सांगितलं की आपल्याला ______ येत नाही. आपण अजून ______ आहोत."

कडेला उत्तर : बोलता, लहान.

आणि पुढचा तुकडा : "तुम्हाला मंडळीत एखादं काम सांगितलं तेव्हा तुम्ही कोणती सबब सांगितली होती? दोन ओळींत लिहा." याच्या कडेला उत्तर नाही. हा दुसरा प्रश्न नसेल तर पहिल्याची किंमत गाळलेल्या जागा भरण्याइतकीच राहते. वाईट वह्यांमध्ये नेमका हाच दुसरा प्रश्न गायब असतो.

ग्वाटेमालात आणखी एक हुशारी केली गेली. एकाच वर्गात सहावी पास झालेला शेतकरी आणि महाविद्यालयात शिकलेला शिक्षक शेजारी शेजारी बसायचे. पाया दोघांना एकच; ज्याचं शिक्षण जास्त त्याला वरचं वाचन आणि वरचं लेखन. पदवीची पायरी वेगळी, टेबल एकच. आणि ज्यांची सहावीही झाली नव्हती त्यांना आधी प्राथमिक शिक्षण पुरं करता यावं म्हणून प्रौढांच्या शाळेची वेगळी खटपट करावी लागली. थिऑलॉजी शिकवायला निघालेल्यांना आधी बेरीज-वजाबाकी शिकवायची सोय बघावी लागली, हे सहसा कुणी मिरवत नाही. मला वाटतं मिरवावं.

निकाल? साठचं दशक संपायच्या आत विद्यार्थ्यांचा आकडा पाच-सहावरून दोनशेच्या घरात गेला. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे, की विद्यार्थी कोण होते ते बदललं. सरासरी वय वाढलं. आता वर्गात येणारा माणूस पाळक व्हायला निघालेला नव्हता, तो आधीच पाळकाचं काम करत होता. सेमिनरी ज्यांना निवडायची त्यांना मंडळी स्वीकारेल का, हा जुना प्रश्न. मंडळीनं ज्यांना आधीच निवडलंय त्यांना सेमिनरी शिकवेल का, हा नवा.

या पद्धतीला थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन, म्हणजे टी.ई.ई. हे नाव पडलं. मिशिगन स्टेट विद्यापीठातले शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी तिचं एक चित्र दिलं आणि ते जगभर चाललं : लाकडी कुंपण. दोन आडव्या फळ्या. एक फळी म्हणजे घरचा अभ्यास, दुसरी म्हणजे मंडळीतलं रोजचं काम. आणि ठरावीक अंतरावर उभे खांब, म्हणजे आठवड्याची बैठक. खांब दोन्ही फळ्यांना धरून ठेवतात. पुढे कुणी याचेच रेल्वेचे रूळ केले, खांबांचे स्लीपर झाले. मला कुंपणच बरं वाटतं. खांब काढला की कुंपण लगेच पडत नाही, महिनाभर उभं राहिल्यासारखं दिसतं.

हे मी अनुभवानं सांगतोय. मधे एक वर्ष आम्ही खांब काढले होते. महामारीत बैठका बंद झाल्या ते समजण्यासारखं होतं. पण नंतर सगळं सुरळीत झाल्यावरही आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरच राहिलो. सोमवारी पाठ टाकायचा, शनिवारी उत्तरांचा फोटो मागवायचा. पहिला महिना उत्तम. प्रत्येकाचा फोटो वेळेत, उत्तरं बरोबर, खाली हात जोडल्याची खूण. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की तिघांच्या उत्तरांत एकच शुद्धलेखनाची चूक आहे, आणि तीही एकाच ठिकाणी. पाचव्या महिन्यात अकरातले चार उरले. सोडून गेलेल्यांना विचारलं तर कुणी तक्रार केली नाही. एक ताई म्हणाल्या, "सर, कळत होतं सगळं. पण कळून काय करायचं ते कळेना." दोष त्यांचा नव्हता. मी टाकी गावात आणली, नळ मात्र बसवलाच नाही.

बैठकीत नेमकं काय होतं, ते एका संध्याकाळवरून सांगतो. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला. वहीतले प्रश्न सरळ होते : जमिनी किती प्रकारच्या? वाट, खडकाळ, काटेरी, चांगली. बी म्हणजे काय? वचन. सगळ्यांची उत्तरं बरोबर होती. मी पुढे सरकणार एवढ्यात गटातले एक शेतकरी, वय साठ-बासष्ट, म्हणाले, "हा गडी पाभर वापरत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे पाभरीनं पेरलं तर बी वाटेवर कशाला पडेल? दाणा मोजून चाड्यात टाकतो आपण. हा फोकून पेरतोय. अन् वाटेवर, खडकावर, काट्यांत, सगळीकडं. आमच्या वडलांनी असं बी उधळताना पाहिलं असतं तर हातातला आसूड खाली ठेवला नसता."

गटात हशा पिकला. मग एस.टी.त कंडक्टर असलेला एकजण म्हणाला की बी महाग असताना असं उधळणारा एकतर येडा तरी असेल, नाहीतर त्याच्याकडे बी संपणारंच नसेल. आणि तिथून पुढचा तास वहीतल्या चार जमिनी बाजूला राहिल्या आणि बोलणं पेरणाऱ्यावर गेलं. देव हिशेबानं पेरत नाही म्हणजे काय? मग आपण मंडळीत कुणाला वचन सांगायचं आणि कुणाला नाही हे आधीच ठरवतो, ते कशाच्या जोरावर? जुन्या पॅलेस्टाईनमध्ये बी फोकून पेरत आणि कधी कधी पेरल्यानंतर नांगर फिरवत, हे मी पुस्तकातून सांगितलं. पण ते नंतर. आधी पाभर आली. सेमिनरीत तीन वर्षं या दाखल्यावर बोलून मला पाभर सुचली नव्हती.

वहीनं हे घडवलं असतं? नाही. पण वहीशिवायही घडलं नसतं. कारण घरी बसून प्रत्येकानं तो अध्याय तीनदा वाचला होता म्हणून गप्पा भरकटल्या नाहीत. कुंपण म्हणतात ते हेच.

आता आक्षेप. ग्वाटेमालात ते पहिल्यापासून होते, आणि सगळेच अडाणी नव्हते. पहिला आक्षेप जुन्या पद्धतीनं शिकलेल्यांचा : ही दुय्यम दर्जाची पदवी आहे. त्यात थोडा मत्सर होता. आपण ज्या दारातून वाकून आलो ते दार आता कुणी रुंद केलेलं सहसा आवडत नाही. किन्स्लर यांचं यावरचं म्हणणं मला पटतं. दर्जा कशानं मोजायचा, ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या संख्येनं की मंडळीत काय उभं राहिलं त्यावरून, हे आधी ठरवा, मग पदवीला पहिला-दुसरा नंबर द्या.

दुसरा आक्षेप जास्त खोल होता. क्रमबद्ध स्वाध्याय म्हणजे माणसाला पोपट करणं. उत्तर आधीच ठरलेलं, विद्यार्थ्यानं फक्त रिकामी जागा भरायची. याच काळात ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे नेमकं हेच म्हणत होते : शिक्षक खात्यात रक्कम भरतो आणि विद्यार्थी फक्त ती साठवतो, अशा शिक्षणानं दबलेला माणूस दबलेलाच राहतो. १९७० पासून दशकभर फ्रेरे जिनिव्हात वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या जगभरातल्या चर्चच्या संघटनेच्या कामात होते. किन्स्लरही पुढे त्याच संस्थेच्या थिऑलॉजिकल शिक्षणाच्या विभागात गेले. टी.ई.ई.च्या वह्यांमधल्या रिकाम्या जागा नंतरच्या काळात कमी होत गेल्या आणि उघडे प्रश्न वाढत गेले, त्यामागे या टीकेची धग आहे. माझं मत विचाराल तर रिकामी जागा अगदीच टाकाऊ नाही. ज्या माणसानं वीस वर्षांत पेन हातात धरलं नाही त्याला पहिलं बरोबर उत्तर लिहिल्यावर जो धीर येतो, तो उघड्या प्रश्नानं येत नाही. पण दुसऱ्या वर्षीही तीच वही दिली तर तो अपमान आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कुणी फारशी मांडली नाही, पण मला ती सलते. बायका शिकायला येऊ शकल्या, कारण वसतिगृह नव्हतं. मात्र शिकून झाल्यावर दीक्षेचं दार त्यांच्यासाठी उघडायला त्या मंडळीत पुढे बरीच वर्षं जावी लागली. अभ्यासक्रम दारापर्यंत नेतो, कडी आतून कुणीतरी काढावी लागते. माझ्या गटात आज बारापैकी सात बायका आहेत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळात किती, ते इथं लिहीत नाही.

आणि चौथी, भक्तिजीवनाची. वसतिगृहात पहाटेची प्रार्थना, एकत्र जेवण, एकत्र गायन, कुणी चिडलं तर रात्री समेट, यातून माणूस घडतो. घरी एकट्यानं वही सोडवणाऱ्याचं काय? ग्वाटेमालाच्या प्रयोगाकडे याचं तयार उत्तर होतं असं मला दिसत नाही. एक बाजू अशी मांडली जाते, की माणूस घरातच घडला पाहिजे, कारण त्याला पाळकपण घरांमध्येच करायचंय; चार वर्षं घराबाहेर मिळवलेली भक्ती घरात टिकेलच असं नाही. बरोबर आहे. पण आमच्या गटातल्या परिचारिका ताई आठवड्याला तीन रात्रपाळ्या करतात. त्यांची पहाटेची प्रार्थना वॉर्डातून बाहेर पडताना लिफ्टमध्ये होते, असं त्यांनीच सांगितलं. आम्ही म्हणून एवढंच करतो : बैठक सुरू करताना 'उपासना संगीत'मधलं एक गीत, मग एक स्तोत्र सावकाश, आणि मग पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. सुरुवातीला त्या पाच मिनिटांत लोक मोबाइल बघायचे. आता कुणी बघत नाही. एकदा अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र होतं, जे अंधारात संपतं, शेवटी दिलासा नाहीच. पाच मिनिटं झाली, मग दहा झाली. ज्यांचा मुलगा आदल्या वर्षी गेला ते म्हणाले, "हे बायबलात आहे हे मला माहीत नव्हतं." त्या दिवशी पाठ झाला नाही.

१९६९ साली विंटर यांनी या सगळ्या प्रयोगाचा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ संपादित केला. तो ज्या प्रकाशनातर्फे निघाला ते त्यांनीच काढलेलं होतं, आणि त्याला नाव दिलं होतं विल्यम कॅरी यांचं. हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे ते हेच कॅरी. इंग्लंडात असताना ते जोडे शिवत. सेमिनरीचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. ग्रीक आणि हिब्रू कामाच्या बाकावर शेजारी पुस्तक ठेवून शिकले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूरला, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) महाविद्यालय काढलं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं त्याला पदवी देण्याची सनद दिली, आणि त्याच सनदेच्या आधारावर सिनेट ऑफ श्रीरामपूर आज नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्या पदवीधरांसाठी बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) हा बाहेरून करायचा अभ्यासक्रम चालवतं. भारतात टी.ई.ई.साठी 'टाफ्टी' ही स्वतंत्र संस्था १९७१ साली बंगळुरूला उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेत १९७६ साली टी.ई.ई. कॉलेज निघालं. पसारा वाढला. काही ठिकाणी खांब पक्के राहिले, काही ठिकाणी फक्त टपालानं वह्या जात राहिल्या.

आपल्याकडे मात्र गावच्या पाळकाचं हे कोडं ग्वाटेमालाइतकं नवं नव्हतं. नगर जिल्ह्यात मिशनच्या काळात शाळेचा मास्तरच रविवारी उपासना घ्यायचा. फळ्यावर शनिवारी पाढे, रविवारी वचन. त्याला कुणी थिऑलॉजीचा विद्यार्थी म्हटलं नाही, पण गावाला जी थिऑलॉजी मिळाली ती त्याच्याकडून. आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी गावाचं बघायचं तर ज्ञानेश्वरीचं पारायण आणि सप्ताहातलं कीर्तन हे तरी दुसरं काय आहे? दिवसाची कामं उरकून, घोंगडीवर बसून, घरच्या भाषेत ऐकलेलं तत्त्वज्ञान. रात्री ऐकायचं आणि सकाळी बांधावर त्यावर वाद घालायचा, ही सवय आपल्या मातीत आहे. आमच्या शेतकऱ्याची पाभर तिथूनच आली असणार.

पैशाचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. वसतिगृह बंद केलं की खर्च घटतो असं बाहेरून वाटतं. पण प्राध्यापकाच्या गाडीचं पेट्रोल, वह्यांची छपाई, त्या दर काही वर्षांनी नव्यानं लिहिणं, आणि मुख्य म्हणजे केंद्रावर बसून ऐकून घेणारा माणूस तयार करणं, हे स्वस्त नाही. वही छापायला देणगी देणारे भेटतात. गुरुवारी दोन तास बसणाऱ्याला एस.टी.चं भाडं देणारा शोधावा लागतो. माझ्या बाबतीत ते भाडं महिला मंडळ देतं. नाताळच्या फराळाच्या विक्रीतून. माझ्या थिऑलॉजीचा आधार गेली सहा वर्षं करंज्या आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रयोग गुंडाळल्यावर अकरातले आठ परत आले, चार नवे आले. दर गुरुवारी सात ते नऊ. या आठवड्यात यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय आहे, कैद करून बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना त्यानं धाडलेलं पत्र : घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा. दूरस्थ शिक्षणाचा इतका जुना पाठ मला दुसरा माहीत नाही. वही सोडवून आणा असं सगळ्यांना सांगितलंय. दोघं जण कोरी आणणार हे मला माहीत आहे. त्यांच्यातला एक ते पाभरवाले आहेत. त्यांना मळ्याबद्दल काही बोलायचंय, असा निरोप कालच आला.